चढाईचे युद्ध खंदकात का रुतते?

युद्धास तोंड लागले की पेठेत दोन गोष्टी तत्काळ घडतात. जिनसांचे भाव चढतात, आणि ‘पंधरा दिवसांत निकाल लागेल’ असे भाकीत जो तो करू लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा कीव्हच्या रोखाने निघाल्या तेव्हा हेच झाले. पुढे दीड महिन्याच्या आत त्या कीव्हपासून मागे फिरल्या; आणि जून २०२३ मध्ये युक्रेनने उलट चढाई केली, तीही सुरुंग पेरलेल्या शेतांपुढे व खंदकांपुढे अडली. विमानांच्या व क्षेपणास्त्रांच्या युगात शिपाई पुन्हा मातीत का शिरला, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. आमच्या मते यात नवल असे काही नाही.

दिवाणी दाव्यात ज्याच्याकडे कबजा आहे त्यास केवळ टिकून राहावयाचे असते. शाबिती करण्याचा भार वादीवर असतो. रणांगणाची रीत याहून फारशी निराळी नाही. चढाई करणारा जसजसा पुढे जातो तसतसा तो आपल्या कोठारापासून दुरावतो, आणि मागे हटणारा आपल्या कोठाराजवळ येतो. फळीस पडलेले खिंडार हल्लेखोर त्यातून पुढे घुसण्यापूर्वीच बुजविता येऊ लागले, की चढाई संपली व खंदक सुरू झाले असे समजावे.

याचा दाखला शोधण्यास बेटेगाव-बोईसरकडील वाचकांनी युरोपात जाण्याचे कारण नाही. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला व साष्टीचा बहुतेक मुलूख झपाट्याने हाती आला. परंतु वसईच्या तटापुढे तो झपाटा थांबला. घोडदळाचा वेग हे मराठ्यांचे मुख्य बळ. तट, तोफा आणि पाठीशी समुद्र, अशा शत्रूपुढे त्याचा उपयोग काय? पुढील काम ठाण्यामागून ठाणे घेण्याचे झाले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडले. त्याच महिन्यात तारापूर घेताना बाजी भीवराव रेठरेकर यांच्यासारखा सरदार कामी आला. मग वसईस मोर्चे लागले, सुरुंग खणले गेले, आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांस यश आले. मात्र त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजेने गोव्यावर दाब आणून तेथील कुमक अडवून धरली होती, हे विसरता कामा नये. वसईचे भगदाड जितके सुरुंगाने पडले तितकेच ते बुजविणारा हात अडकल्याने उघडे राहिले.

१९१४ साली फ्रान्समध्ये हाच नियम मोठ्या प्रमाणावर दिसला. सप्टेंबरात मार्न नदीवर जर्मनांची चढाई परतविली गेली. नंतर उभय पक्ष एकमेकांची बगल गाठण्यासाठी उत्तरेकडे सरकत गेले, ते समुद्र लागेपर्यंत. उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सलग फळी झाली आणि वळसा घालावयास बगलच उरली नाही. समोरून जावे तर काटेरी तारा व मशिनगन. आणि खिंडार पडलेच तर बचाव करणाऱ्याची कुमक आगगाडीने येई, हल्लेखोर मात्र चिखलातून पायी चाले. १ जुलै १९१६ रोजी सोम नदीवर एका दिवसात ब्रिटिशांचे सुमारे ५७,००० लोक जखमी, ठार वा बेपत्ता झाले, त्यांत शौर्याची उणीव होती असे कोण म्हणेल?

आपल्या मराठी घरांस याची झळ मेसोपोटेमियात लागली. पुणे डिव्हिजन १९१५ मध्ये बसऱ्याहून तैग्रिस नदीने वेगाने वर चढली; अमारा घेतले, कूत घेतले. पण फौज जितकी पुढे गेली तितक्या रसदेच्या बोटी अपुऱ्या पडल्या. नोव्हेंबरात टेसिफोन येथे ती अडली, कूतला परतली व वेढली गेली. सोडवावयास आलेल्या फौजा नदी व दलदल यांमधील तुर्की खंदकांपुढे खिळल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक शरण गेले. त्यांत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. नंतर सेनापती मॉड याने आधी बंदर, बोटी, लोहमार्ग व दवाखाने यांची व्यवस्था लावली, मगच चढाई केली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. कोंडी फुटली ती जमाखर्च सुधारल्याने.

व्यापारी वाचकांस हे समजावून सांगणे नको. भांडवल एका हंगामाचे आणि उधारी तीन वर्षांची, असा धंदा कोणी शहाणा करीत नाही. मग राज्यकर्ता ‘झटपट विजयाचे’ वचन देतो तेव्हा दुसऱ्या वर्षाची रसद, तिसऱ्या वर्षाचा पैसा आणि जखमींची सोय त्यास का विचारू नये? कूतला मेलेल्या शिपायांच्या आईबापांस हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. त्यांस न विचारता परकी सरकारने त्यांची मुले तिकडे धाडली. आज मत आपल्या हाती आहे. ते असूनही आपण केवळ जयजयकार करून स्वस्थ बसलो, तर पुढील खंदकाचा दोष परक्यावर टाकता येणार नाही.