ठिबकचं अनुदान : आधी पूर्वसंमती, मगच खरेदी



"ठिबकला 80 टक्के सूट आहे" असं दुकानात ऐकलं की आपण लगेच माल उचलतो. आमच्या मते फसगत इथंच होते. ही सूट नाही, अनुदान आहे. आधी पैसे आपले जातात, सरकारचे नंतर खात्यावर येतात.

2 हेक्टरपर्यंत जमीन असेल तर 80 टक्के, त्यापुढे 75 टक्के. पण हे टक्के दुकानाच्या बिलावर नाहीत, सरकारनं ठरवलेल्या खर्चावर आहेत. समजा बिल झालं 1 लाख 20 हजार आणि सरकारी हिशोबानं खर्च 1 लाख. मग अनुदान 80 हजार, बाकी 40 हजार आपल्या खिशातून. आणि अनुदान जमा होईपर्यंत सगळीच रक्कम आपण उभी करायची. ती सावकाराकडून उचलली तर अनुदानाचा फायदा व्याजातच जाईल.

क्रम लक्षात ठेवा: महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, मगच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल चालत नाही. बँक खातं आधारला जोडलंय का, तेही आजच बघा.

दुकानदार घाई करेल, आपण करू नये. कोटेशन घेऊन आधी कंपनीच्या ऑफिसात या, हिशोब बसून करू.