दुखणं मेंदूचं, मार घरातला

आम्ही कृषी खात्याची माणसं पिकावरचा रोग बघायला गावात येतो. ओट्यावर चहा घेताना घरातल्या रोग्याचाही विषय निघतो. 'अंगावरून वारं गेलंय', 'म्हातारीला काही आठवत नाही', एवढं सांगितलं जातं. सुनेच्या हातावरचे वळ किंवा म्हाताऱ्याच्या दंडावरचा काळानिळा डाग मात्र कोणी सांगत नाही. हा मार दोन्ही बाजूंनी होतो आणि झाकून ठेवल्याने वाढतो.

पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा डोक्याच्या दुखापतीनंतर राग आवरण्याची मेंदूची ताकद कमी होऊ शकते. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याचा जीव दिवेलागणीला जास्त घाबरा होतो. अंघोळ घालणारी लेकही परकी वाटते, मग तो हात उगारतो. कंपवाताचा रोगी कधीकधी स्वप्नातल्या भांडणात झोपेतच लाथा मारतो. शांत माणूस एकाएकी मारकुटा झाला, तर लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट किंवा चुकलेलं औषध हेही कारण असू शकतं. अशा वेळी त्याला खाटेला न बांधता डॉक्टरला दाखवावं.

म्हणून सांभाळणाऱ्या बाईने मुकाट्याने मार खावा असं नाही. दिवसा खुरपणी, रात्री उशाशी जागरण. थकून एक दिवस तिचाच हात उठतो, तेव्हा नावं ठेवायला सगळी भावकी हजर. पाळी घ्यायला कोणी नाही! अरे, बैलालासुद्धा आपण दुपारी औतावरून सोडतो. थकवा खरा, तरी लुळ्या माणसावर हात टाकणं हा गुन्हाच आहे. ती वेळ येऊ नये म्हणून भावांनी, जावांनी पाळ्या बांधून घ्याव्यात. कोयता, कुऱ्हाड, फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत. रोग्याने हात उगारला तर वाद न घालता बाजूला व्हावं, शेजाऱ्याला हाक मारावी.

सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांगाच्या छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांनाही, देऊ शकतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो; त्यातून चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची मागावी. येत्या ग्रामसभेत रस्त्या-पाण्याबरोबर हाही विषय घ्या. घराची अब्रू झाकण्याआधी घरातली माणसं वाचवू या.