सुट्टीतले सहा आठवडे

शीळफाट्यावरून एक रस्ता डोंबिवली-कल्याणकडे जातो, एक महापेकडे, एक मुंब्र्याकडे आणि एक पनवेलकडे. या चार दिशांना प्लास्टिकचे कारखाने आहेत, भंगाराची गोदामे आहेत आणि रसायनशास्त्र शिकवणारी महाविद्यालयेही आहेत. मात्र पदवीचा विद्यार्थी या कारखान्यांच्या फाटकाबाहेरूनच ये-जा करतो. पॉलिमर त्याला भेटतो तो पुस्तकातल्या एका प्रकरणात.

हे अंतर पूर्वी इतके नव्हते. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला, तोच उद्योगाला माणसे आणि ज्ञान पुरवण्यासाठी. माटुंग्याची आजची 'आयसीटी' ती हीच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेट्रोकेमिकल उद्योग उभा राहिला, तेव्हा ही परंपरा त्याच्या कामी आली. पण ती मोजक्या संस्थांपुरती राहिली. साध्या बी.एस्सी.च्या वर्गापर्यंत ती उतरली नाही.

आता ती उतरवण्याची गरज आहे, आणि गरज उद्योगाचीही आहे. कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक वापरण्याचे बंधन केंद्राच्या नियमांत आहे; पुढे ते ६० टक्क्यांपर्यंत वाढणार आहे. हा माल येणार भंगारातून. तिथे प्लास्टिकची जात ओळखण्यासाठी आजही तुकडा जाळून वास घेतला जातो. तो तुकडा पीव्हीसीचा असेल तर हायड्रोजन क्लोराइड थेट कामगाराच्या छातीत जातो. बाटल्यांच्या पीईटीत पीव्हीसी मिसळले, तर २५०-२६० अंशांना ते वितळवताना हाच वायू सुटतो आणि दाणाही खराब होतो.

यावरचे प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारे आहेत. जुन्या बादल्या-खुर्च्यांचे पॉलिप्रॉपिलीन पुन्हा वितळवले की त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. २३० अंशांना, २.१६ किलो वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम वितळ बाहेर येते, हे मोजले की साखळ्या किती तुटल्या याचा अंदाज येतो. जितके जास्त वाहील, तितका माल कमकुवत. एका कारखान्याचा दाणा सहा आठवडे रोज मोजला, तरी बिघाड भंगारात आहे की यंत्राच्या तापमानात, हे सांगता येईल.

अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधन करू देते, तेही विद्यावेतन देऊन. आपल्याकडेही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या प्रामुख्याने संशोधन संस्थांकडे नेतात. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिप अभ्यासक्रमात आणली खरी. मात्र ओळखीच्या कंपनीकडून आणलेल्या प्रमाणपत्रावर ती भागवली गेली, तर त्यातून काहीच साधणार नाही.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या हव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न आणि दोन मार्गदर्शक, एक महाविद्यालयातला व एक कारखान्यातला. विद्यावेतन हवे, नाहीतर सुट्टीत कमावल्याशिवाय ज्यांची पुढची फी भरली जात नाही, ते या योजनेत येणारच नाहीत. आणि पहिला आठवडा फक्त सुरक्षिततेचा. डोंबिवली औद्योगिक वसाहतीतले २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे जीवघेणे स्फोट सुट्टीच्याच महिन्यातले आहेत. विद्यार्थ्याला रिअॅक्टरजवळ नव्हे, चाचणीच्या टेबलाशी बसवावे.

कारखानदार गुपिते बाहेर जाण्याची भीती सांगतील. त्यावर लेखी करार हा उपाय आहे. शिवाय दाण्याची चाचणी हे काही गुपित नव्हे. खरी अडचण वेळ देण्याची आहे, दोन्ही बाजूंची. महाविद्यालयांनी डिसेंबरात कारखान्यांकडून प्रश्न मागवले, तरच मे महिन्यात काम सुरू होईल. शीळफाट्याच्या गोदामात तुकडा जाळून हुंगणाऱ्या कामगाराला त्याहून अधिक थांबायला लावणे बरे नव्हे.