गुणांपुरते संगीत

दहावीचा निकाल १३ मे २०२५ रोजी लागला, २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण पडले, त्यांतील ११३ एकट्या लातूर विभागातील निघाले, आणि कला-क्रीडेच्या वाढीव गुणांची चर्चा नेहमीप्रमाणे पुन्हा झडली. या गुणांनी गुणवत्तेची खिरापत होते की कलेला उत्तेजन मिळते, यावर पुष्कळ लेखणी झिजविता येईल. परंतु ज्या प्रश्नाने शिक्षणखात्याची झोप उडावयास हवी होती तो कोणाच्या ध्यानीही येत नाही. ज्या संगीताबद्दल शासन गुण देते, ते संगीत शासनाने शिकविले कोठे?

२०१७ च्या शासननिर्णयाने शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास दहावीत वाढीव गुण देण्याची तजवीज झाली. या परीक्षा मान्यताप्राप्त संस्थांनी घ्यावयाच्या, आणि त्या जितक्या अधिक उत्तीर्ण व्हाव्यात तितके गुणही चढावयाचे. आता या परीक्षांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोणता, हे मंत्रालयातील कारकुनापासून सचिवापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. तो मार्ग खाजगी क्लासाच्या जिन्यावरून जातो. ज्या घरात दरमहा क्लासची फी भरण्याची, परीक्षेचे शुल्क देण्याची, पेटी किंवा तबलाजोडी विकत घेण्याची आणि हे सारे वर्षानुवर्षे निभावून नेण्याची ऐपत आहे, त्या घरातील मुलाच्या गुणपत्रिकेत संगीत उमटते. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून आजीपाशी राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा गळा कितीही सुरेल असो, त्या गळ्याची नोंद करण्यासाठी सरकारच्या दफ्तरात रकानाच नाही. सधन पालकाने आपल्या खिशातून केलेल्या खर्चावर सरकारी शिक्का मारून त्याचे गुणांत रूपांतर करून देणे, याला उत्तेजन म्हणावयाचे असेल तर पक्षपात कशाला म्हणावयाचे?

शिक्षणहक्क कायद्याचे नाव यावर पुढे केले जाईल. त्या कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा अर्धवेळ निदेशक देण्याची तरतूद आहे खरी, परंतु ती त्या वर्गांचा पट शंभराहून अधिक असेल तर. डोंगराळ तालुक्यांतील ज्या शाळांचा पट एवढा कधी भरतच नाही, त्या या तरतुदीतून आपोआप वगळल्या गेल्या. जेथे पट भरतो, तेथेही ‘कला’ या एकाच मोटेत चित्र, गायन, नृत्य, नाट्य असे सर्व काही बांधलेले असल्यामुळे, संगीत जाणणारा मनुष्य शाळेत येईल याची हमी कोणीच देत नाही. मग कलेची तासिका वेळापत्रकात राहते आणि प्रत्यक्षात ती मागे पडलेल्या गणिताच्या पदरी पडते. मुंबई महापालिकेच्या शाळांत संगीतशिक्षकांची जी परंपरा आहे, ती या मुलुखात अपवाद म्हणूनच सांगावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय यांमधील भिंत पाडली असे सांगण्यात येते. ती कागदावर पडली, शाळेत जशीच्या तशी उभी आहे.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून या राज्यास राज्यगीत लाभले. श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज ज्याला लाभला, ते गीत शाळेत गायिले जावे अशी शासनाची इच्छा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु लहान मुलांच्या गळ्यास मानवेल अशा पट्टीत ते उतरवून देणारा, शंभर मुलांचे शंभर स्वर एका स्वरात आणणारा शिक्षक नेमावा, ही गोष्ट कोणास सुचली नाही. परिपाठाला ध्वनिक्षेपकावर गीत लावावे, मुलांनी त्याच्या मागून ओरडावे, आणि अहवालात ‘कार्यवाही झाली’ असा शेरा पडावा, एवढ्यावर आमचे संगीतशिक्षण संपते.

पैसा नाही, ही सबब तर ऐकूनच घेऊ नये. समूहगान हे सर्व संगीतांत स्वस्त संगीत आहे. त्यास एक पेटी आणि एक जाणता शिक्षक पुरतो, कारण बाकीचे वाद्य प्रत्येक मूल जन्मतःच घेऊन येते. १९८० नंतरच्या दशकात एन.सी.ई.आर.टी.ने एम. बी. श्रीनिवासन यांच्यासारख्या संगीतकाराचे साहाय्य घेऊन सामूहिक गायनाचा उपक्रम चालविला होता, म्हणजे हा विचार सरकारी यंत्रणेला अपरिचित आहे असेही नाही. आणि ज्यांच्यापाशी सरकारी तिजोरी नव्हती, त्यांनी काय केले? विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले ते लोकवर्गणीवर; होतकरू मुलांना राहण्याजेवण्यासह विनामूल्य विद्या दिली, आणि भडोचच्या दारिद्र्यात पडेल ते काम केलेल्या एका मुलाचा त्यांच्या हातून पंडित ओंकारनाथ ठाकूर झाला. त्यापायी पलुसकर कर्जात बुडाले, मुंबईची वास्तू गमावून बसले, परंतु फी परवडत नाही म्हणून गळा परत पाठविला नाही. जोगमहाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तेथील विद्यार्थी माधुकरीवर राहिले आणि टाळ-मृदंगासह भजन शिकले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत मेस्त्री म्हणजे संगीतशिक्षक गावातील सामान्य कुटुंबांतील मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. त्यामागे राज्यकर्त्यांचा धर्मप्रसाराचा हेतू होता, परोपकाराचा नव्हे. तथापि त्याच परंपरेत माजोर्ड्याच्या एका गायकवृंदप्रमुखाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस घडला, आणि त्याच्यापाशी व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांच्या संगीतावर या देशाच्या पिढ्या पोसल्या. परकी सत्तेच्या शाळांनी जे दिले, ते देण्याची बुद्धी लोकशाही राज्यास होऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे.

तिजोरी रिती असती तर २०२२ मध्ये लता मंगेशकरांच्या नावाने आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय निघाले नसते, आणि महोत्सवांचे मांडवही पडले नसते. त्या महाविद्यालयास आमचा विरोध नाही. परंतु पहिलीपासून दहावीपर्यंत ज्याच्या कानी शिकविलेला एकही स्वर पडला नाही, असा गरिबाचा मुलगा त्याच्या दारात कोणत्या बळावर उभा राहणार? वरचा मजला सरकारी आणि खालचे सर्व जिने खाजगी, अशी ही व्यवस्था आहे, आणि हीच तऱ्हा क्रीडेची, हीच ग्रंथालयांची. सार्वजनिक शाळेने देऊ नये, बाजाराने विकावे, आणि ज्याने विकत घेतले त्याचा सरकारने सत्कार करावा, हे या राज्याच्या शिक्षणाचे सूत्रच होऊन बसले आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सुमारे दहा-दहा शाळांची केंद्रे या राज्यात पूर्वीपासून आहेत. प्रत्येक केंद्रामागे एक संगीतशिक्षक नेमावा, तो तासिकेच्या हिशेबाने नव्हे तर पूर्ण वेतनावर नेमावा, आणि आठवड्यातून निदान एकदा त्याने प्रत्येक शाळेतील मुलांना एकत्र गावयास शिकवावे. ही नेमणूक होईपर्यंत संगीताचे वाढीव गुण तहकूब ठेवावेत. त्यामुळे क्लासात शिकणाऱ्या मुलांवर अन्याय होईल, अशी ओरड होईल. परंतु त्यांना येणारे गाणे काही कोणी हिरावून घेत नाही. जे शिकविण्याची जबाबदारी शासन पत्करीत नाही, त्याचे गुण वाटण्याचा अधिकारही त्यास नाही.