चार भाषांचे दप्तर

सोलापुरातल्या पोरांना भाषा शिकवावी लागत नाही, ती अंगाला लागते, असे म्हटले की माझे पुण्याकडचे स्नेही मिस्किलपणे हसतात. त्यांना ती गावाची बढाई वाटते. त्यांनी एकदा आमच्या पूर्व भागात येऊन एक सकाळ काढावी. यंत्रमागाच्या खडखडाटात आई पोराला हाक मारते ती तेलुगूत. पोरगे गल्लीत भांडते ते मराठीत. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात अक्कलकोटकडचे कानडी गिऱ्हाईक आले, तर भावाची घासाघीस करण्यापुरते कानडी त्या पोराच्या जिभेवर असतेच. पलीकडच्या मोहल्ल्यातली उर्दू निराळी. पद्मशाली विणकर तेलंगणातून आले त्याला पिढ्या लोटल्या. तरी नवरात्रात त्यांच्या लेकीसुना बतुकम्माची फुले रचतात, तेव्हा गाणी तेलुगूतच म्हणतात. फार कशाला, आमचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धराम. त्यांची वचने कन्नडात आहेत!

एवढी श्रीमंती दप्तरात घेऊन आलेले मूल शाळेच्या फाटकातून आत शिरताना मात्र दरिद्री होते. वर्षातून एखादा दिवस त्याला धोतर नेसवून, फेटा बांधून रंगमंचावर उभे करतात, टाळ्या पडतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी फेटा पेटीत, आणि घरची भाषा घरी.

मी दरवर्षी पहिल्या तासाला वर्गाला विचारतो, "घरी कोणती भाषा बोलता?" झाडून सारे हात मराठीसाठी वर होतात. मराठीच्या प्राध्यापकाला याहून गोड दृश्य ते कोणते? पण मी फसत नाही. यंदा तास संपल्यावर एक मुलगी घुटमळत जवळ आली.

"सर, आम्ही घरी तेलुगू बोलतो. पण ती काही अभ्यासातली भाषा नव्हे."

ही मुलगी ज्ञानेश्वरीतल्या ओवीचा अन्वय वर्गात सर्वांच्या आधी लावते. आजीच्या गोष्टी तिला पाठ आहेत. मी म्हटले, "मग एक गोष्ट लिहून आण ना!" तर म्हणाली, "लिपी येत नाही, सर." आजी गेली की त्या गोष्टीही जायच्या, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

2025 साली महाराष्ट्रात भाषेवरून केवढे रण माजले, ते वाचकांना आठवत असेल. 16 एप्रिलला शासनाने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, जूनमध्ये तो निर्णय बदलला आणि 29 जूनला माघार घेतली. सहा वर्षांच्या पोरावर सक्ती नको, हे माझेही मत. पण त्या पोराने घरून आधीच किती भाषा आणल्या आहेत, हे त्या गदारोळात कितीशा लोकांनी विचारले?

सक्तीवाचून काय घडते, त्याचा दाखला आमच्याच गावात आहे. द. रा. बेंद्रे 1944 पासून बारा वर्षे इथल्या दयानंद महाविद्यालयात कन्नड शिकवीत होते. घरची भाषा मराठी. आणि 1973 चे ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवितेला! मराठीतही ते लिहीत. एका भाषेवर माया केली म्हणून दुसरी काही रुसली नाही.

प्राथमिक शाळेतल्या बाईंना याकरिता ना अनुदान लागेल, ना परिपत्रक. फळ्यावर चिमणी काढावी आणि विचारावे, "तुमच्या घरी हिला काय म्हणतात?" कोणी पिच्चुका म्हणेल, कोणी गुब्बच्ची. मग 'अक्का' आणि 'अण्णा' ही तर तिन्ही घरची माणसे निघतील, आणि आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता कानडी मुलखातून आल्याचे कळून मराठी पोरेही चकित होतील. बाईंना स्वतःला तेलुगू येत नसेल तर उत्तमच. शिकवणारी शिकताना दिसली की वर्गाला चेव येतो.

त्या मुलीला मी सांगितले, तेलुगू गोष्ट देवनागरीत लिही. दसऱ्यानंतर तिने तीन पाने आणून दिली. समासात मराठी अर्थ, आणि दोन ठिकाणी खाडाखोड, कारण आजीने चूक काढली होती. गोष्ट मात्र अर्धीच आहे. उरलेली दिवाळीनंतर सांगेन, असे आजींनी बजावले आहे. सध्या त्यांना करंज्यांतून सवड नाही.