वेळापत्रक म्हणजे संवाद नव्हे

बेंगळुरूच्या शिवाजीनगरातील सेंट मेरीज बॅसिलिकेत तमिळ, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत मिस्सा होतात. प्रत्येक भाषेची वेळ वेगळी. एका भाषेची माणसे बाहेर पडतात, दुसऱ्या भाषेची आत शिरतात. याला बहुभाषिक चर्च म्हणण्याची पद्धत आहे. मला ती एकाच छपराखाली पाळीपाळीने भरणारी तीन एकभाषिक चर्चे वाटतात.

प्रॉटेस्टंटांचे वेगळे नाही. 1947 मध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी जुने मतभेद मिटवून चर्च ऑफ साउथ इंडिया उभे केले. तरी आजही सेंट मार्क्स कॅथीड्रल म्हटले की इंग्रजी आणि हडसन मेमोरियल म्हटले की कन्नड. पंथ एकत्र आले, भाषा आल्या नाहीत.

कॅथलिकांमध्ये कन्नड-तमिळ वाद कित्येक दशके धुमसतो आहे. ब्रिटिश छावणीबरोबर आलेल्या तमिळ कुटुंबांनी इथल्या चर्चना पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला. कन्नड ख्रिस्ती म्हणतो, माझ्याच राजधानीत मला माझी भाषा मागून घ्यावी लागते. दोघांचेही खरे आहे. मग कुणीतरी शहाणा तोडगा सुचवतो : इंग्रजी, कारण ती तटस्थ. मला हे मान्य नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला आणि सोसायटीच्या रखवालदाराला इंग्रजी तटस्थ नसते. ती त्यांना मागच्या बाकावर बसवते.

चर्चला दोन्ही वाटा ठाऊक आहेत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात मराठी शिकला, ओवी शिकला आणि 1616 मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. इथे भाषेची वाट बोलणाऱ्याने चालली. उलट 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला, असे फर्मान काढले. तिथे ऐकणाऱ्याला चालायला लावले. कोकणी आजही बोलली जाते.

मिश्र उपासनेत कुणालाच धड काही कळत नाही, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा आहे. मिस्सेचा क्रम सगळ्या भाषांत तोच असतो. तमिळ माणसाला कन्नड मिस्सेत कोणत्या क्षणी गुडघे टेकायचे ते माहीत असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषांना दार उघडण्यापूर्वी लोक शतकानुशतके लॅटिन मिस्सेला बसतच होते. एखादे वाचन शेजाऱ्याच्या भाषेत आणि एखादे गीत तिसऱ्या भाषेत झाले, तर श्रद्धा बुडत नाही.

भाषा न कळण्याची खरी किंमत मोजावी लागते ती पापनिवेदनात, रुग्णाच्या उशाशी, अंत्यविधीत. मरणाऱ्या माणसाला दुभाष्यामार्फत क्षमा मागायला लावणे क्रूर आहे. आपण मात्र अनेकदा नेमके उलटे करतो : रविवारी एकत्र बसण्याच्या वेळी भाषा वाटून देतो आणि आजारपणात जो धर्मगुरू मोकळा असेल त्याला पाठवतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. रविवारची निदान एक उपासना सर्व भाषकांची एकत्र असावी. समितीच्या सभेत इंग्रजी न येणाऱ्यालाही बोलता यावे. या शहरात नेमलेल्या प्रत्येक धर्मगुरूला कन्नड यावे आणि त्याच्या धर्मग्रामातील आणखी एक भाषा यावी, मग ती तमिळ असो, कोकणी असो वा मल्याळम.

आणि बेंगळुरूतल्या मराठी ख्रिस्ती माणसाने वेळापत्रकात मराठीसाठी चौथी वेळ मागण्याआधी कन्नड मिस्सेला जाऊन बसावे. स्टीफन्स आपल्या भाषेपर्यंत समुद्र ओलांडून आला. आपल्याला फार तर रस्ता ओलांडायचा आहे.