परवाना कोणाच्या हाती?

सांगोला, आटपाडी, खानापूर या दुष्काळी टापूतील तरुण सोन्या-चांदीच्या गलाईसाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेला. त्यासाठी त्याला परवाना लागला नाही. शेठशी पटले नाही, तर दुसरे दुकान गाठता आले. आखातात जाणाऱ्याची गोष्ट निराळी. तेथील ‘कफाला’ पद्धतीत कामाचा परवाना कामगाराच्या कसबाला नव्हे, तर मालकाच्या नावाला चिकटलेला असतो. नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही धोक्यात! कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, हे खरे. पण मालकाची पकड तेवढ्याने सुटत नाही.

आणि आपले सरकार? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने अल्पशिक्षित कामगारास सरकारी मंजुरी आवश्यक केली. पुढे नियमांनी एजंटाच्या शुल्काला ३० हजार रुपयांची मर्यादा घातली. कागद चोख आहे. परंतु जमीन गहाण टाकून ‘व्हिसाचे पैसे’ मोजणाऱ्याला पुऱ्या रकमेची पावती देतो कोण? निदान नोकरीचा करार, त्यातील मालक बदलण्याच्या अटींसह, निघण्यापूर्वी तहसील कचेरीत मराठीतून वाचून दाखविण्याची सक्ती सरकारने तातडीने करावी.